नटीच्या कारकीर्दीचें मोजमाप

खानदेशच्या थोरवीची गोष्ट निघाली म्हणजे कापूस, जळगांवचीं केळीं आणि बहिणाबाईंचीं गाणीं यांपाशीं आपण बहुधा थांबतों. शिरपूरच्या एका कन्येनें बोलपटांत जें कार्य केलें, त्याचें स्मरण होतें तें मात्र हळहळीच्या स्वरांत. श्रीमती स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव हे स्वातंत्र्यलढ्यांत भाग घेतलेले व पुढें राज्याचे मंत्री झालेले धुळें जिल्ह्यांतील कार्यकर्ते. स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला. १३ डिसेंबर १९८६ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां वयाचीं ३१ वर्षें पुरीं होऊन दोन महिनेहि लोटले नव्हते. हळहळ स्वाभाविक आहे. परंतु तिच्या भरांत कलेचें मूल्यमापन राहून जाऊं नये.

सुशिक्षितांच्या बैठकींत त्यांच्याविषयीं एक मत वारंवार ऐकूं येतें. गंभीर चित्रपटांनीं नांवारूपास आलेल्या या अभिनेत्रीनें पुढें गल्लाभरू बोलपटांची वाट धरली व आपल्या गुणांचें मोल कमी करून घेतलें, असा तो आक्षेप. त्याला तारखांची कसोटी लावून पाहावी. १९८२ सालीं अमिताभ बच्चन यांच्यासमवेत केलेले ‘नमकहलाल’ आणि ‘शक्ति’ पडद्यावर आले. त्याच सालीं ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ हेहि आले. पुढल्या वर्षीं ‘अर्धसत्य’ व ‘मंडी’ आले. तेव्हां एक वाट सोडून दुसरी धरली, हें म्हणणें टिकत नाहीं. दोन्ही वाटा त्या एकाच वेळीं चालत होत्या.

त्यांच्या कित्येक गंभीर भूमिकांचें मूळ मराठी ग्रंथांत आहे. ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरून, ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, ‘चक्र’ (१९८१) जयवंत दळवींच्या आणि ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या कादंबरीवरून घडला. पडद्यावर गाजणारी नटी, डोंगरांत राहणारी ठाकर स्त्री, मुंबईच्या झोपडपट्टींतील आई आणि सुखवस्तु घर मागें ठेवून महिलाश्रमाची जबाबदारी पत्करणारी गृहिणी, या चौघींचें बोलणें निराळें, चालणें निराळें. तथापि आपल्या आयुष्याचा निर्णय आपण करावा ही ओढ चौघींतहि आहे, व तिची किंमत चौघीहि मोजतात. ‘भूमिका’ व ‘चक्र’ यांकरितां त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केवळ वेष पालटण्यास वैविध्य म्हणत नाहींत. माणूस पालटावा लागतो.

लोकप्रिय बोलपटांनीं त्यांना इतका अवकाश दिला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. ‘शक्ति’मधील खरा झगडा बापलेकांचा आहे, नायिकेच्या वांट्याला थोडेंच येतें. पण हा दोष लेखनाचा. तो नटीच्या माथीं कां मारावा? शिवाय सामान्य प्रेक्षकाला गंभीर विषयाचें वावडें असतें, हीहि समजूत खरी नव्हे. ‘मंथन’ (१९७६) गुजराथेंतील पांच लाख दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन उभा केला. अडचण असते ती चित्रपट गांवोगांवीं पोंचण्याची, आणि तेथें ओळखीचा चेहरा उपयोगी पडतो.

केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ स्मिताबाईंच्या पश्चात् १९८७ सालीं प्रदर्शित झाला. सुभेदाराच्या तावडींतून निसटून मिरचीच्या कारखान्यांत आश्रय घेणारी सोनबाई त्यांनीं त्यांत रंगविली. अखेरीस कारखान्यांतील बायकाच तिखटाचा मारा करून सुभेदाराला लोळवितात. कथा गुजराथेची खरी. पण १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांतच असलेल्या नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरचीचे देंठ खुडणाऱ्या बाया ज्यानें पाहिल्या असतील, त्याला सोनबाई परकी वाटणार नाहीं. गंभीर हेतु आणि लोकप्रिय कथेचा थरार या एकाच बोलपटांत सुखानें नांदतात. गंभीर कोणते आणि गल्लाभरू कोणते, हा वाद घालण्यापूर्वीं आक्षेपकांनीं तो एकवार अवश्य पाहावा.