प्लेटवरचे नाव

आमच्या घरात ग्रामोफोनच्या तबकडीला कोणी तबकडी म्हणत नसे. ती ‘प्लेट’. बेळगावच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत अशा पुष्कळ प्लेटी होत्या आणि त्यांची किल्ली आजीकडे असे. आजी माहेरची धारवाडकडची, कन्नड शाळेत शिकलेली. मराठी ती आमच्यासारखीच बोले, पण वाचताना अडखळे. तरी हवी ती प्लेट तिच्या हाताला पहिल्या झटक्यात लागे. खाकी कागदी पाकिटाला मधोमध गोल भोक असायचे, त्यातून लेबल दिसायचे. कन्नड पदांच्या लेबलावर कन्नड अक्षरे, मराठी पदांच्या लेबलावर बाळबोध. पाकिटावर फार तर दुकानदाराची जाहिरात. गाणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. तळहाताएवढ्या त्या कागदी चकतीवर त्याची सगळी ओळख मावत असे.

ही ओळख छापली जाण्याआधी ती बोलली जात होती. फ्रेडरिक गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तीनेक मिनिटांत गाणे आटोपून बाई शेवटी खणखणीत इंग्रजीत आपले नाव पुकारतात. आज ऐकणाऱ्याला तो नखरा वाटतो. कारण मात्र अगदी रोकडे होते. मूळ मुद्रिका छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला कोणते गाणे कोणाचे हे कळावे कसे? मग गाणाऱ्यानेच नाव सांगायचे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, आणि हे पुकारणे हळूहळू सरले. नाव कागदावरच राहिले.

त्या कागदाची रीत नीट पाहण्याजोगी आहे. नाव, बहुधा गाव, मग पदाचे शब्द, राग, भाषा आणि क्रमांक. गाव हे आडनावाचे काम करी. सुंदराबाई असत, पण त्या ‘पुण्याच्या’ असत. बाईमाणसाच्या नावामागे ‘मिस’ लागे नाही तर ‘बाई’, उत्तरेत पुढे ‘जान’. बंगाल्यातल्या प्रतिष्ठित घरच्या पुरुषांनी गायले, तर नावाजवळ ‘अमॅच्युअर’ असा शब्द छापत. अमॅच्युअर म्हणजे हौशी. हा गृहस्थ पोटासाठी गात नाही, एवढेच त्या शब्दाला सांगायचे होते. आणि पोटासाठी गाणाऱ्यांविषयी काय वाटते तेही तो न बोलता सांगून जाई.

आपल्या भागातली नावे तर आणखीच बोलकी. कुंदगोळचे रामभाऊ कन्नड मुलखातले. पण मराठी रंगभूमीवर गाजले आणि दादासाहेब खापर्ड्यांनी दिलेल्या ‘सवाई गंधर्व’ या पदवीनेच ओळखले गेले. त्या दोन शब्दांत त्यांची भाषाही नाही, गावही नाही. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या प्लेटांवर ‘गांधारी’ हे नाव आहे. गंगूबाईंचे गाणे आवडणाऱ्या कितीजणांनी ती गांधारी ओळखली असेल, देव जाणे.

कुत्र्याचेही सांगायला हवे, कारण आमच्याकडे कंपनीचे नाव कोणी घेतच नसे. ‘कुत्रा छाप’ म्हटले की झाले. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने तो कुत्रा आधी नळीच्या फोनोग्राफपुढे बसवला होता. १८९९ मध्ये कंपनीने चित्र घेतले, तेव्हा यंत्र खोडून त्याजागी कर्णेवाला ग्रामोफोन रंगवण्यात आला. प्लेटवरचा पहिला ‘दुरुस्त’ चेहरा असा मुक्या जनावराच्या वाट्याचा.

माणसांचे चेहरे उशिरा आले. परदेशात प्लेटींचे संच फोटोच्या अल्बमसारखे बांधलेले असत, हिशेबाच्या वह्यांइतके रुक्ष. अमेरिकेत १९४० च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांच्यावर चित्रे काढली आणि वेष्टन हेच दुकानातले आमिष झाले. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी निघाली. बारा इंचांचे ते पुठ्ठ्याचे वेष्टन म्हणजे चित्राला मिळालेले अंगणच. आपल्याकडे एलपी आल्या तेव्हा रीत ठरून गेली: मिटलेले डोळे, मागे तंबोऱ्याचा भोपळा, पुरुषाचा हात वर गेलेला, स्त्रीचा पदर खांद्यावरून नीट घेतलेला. नाट्यगीत-भावगीतांवर देवनागरी टिकली, पण शास्त्रीय गायनाच्या बहुतेक एलपींवर नाव रोमन अक्षरांत आणि मागचे टिपण इंग्रजीत.

वडिलांनी पहिली एलपी आणली, तेव्हा आजीने ती उलटसुलट करून पाहिली. चेहरा ओळखला, म्हणाली, “ही आपली गंगूबाई.” मग बराच वेळ बोट अक्षरांवरून फिरत राहिले. पुढे नवे पुठ्ठे ती वडिलांकडून वाचून घेई. पेटीची किल्ली मात्र तिने दिली नाही.

वेष्टनावरची आणखी एक रीत खुद्द गंगूबाईंनीच बोलून दाखवली होती: गाणारा मुसलमान असेल तर तो उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई बाईच राहतात. एलपींची चळत समोर घेऊन बसावे, म्हणजे हे पटते. ज्यांच्यापुढे भले भले गवई दबून असत, त्यांच्या नावालाही ‘बाई’ जोडूनच आलेले.

त्या केसरबाई केरकरांची एक मुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तिथे भैरवीतले ‘जात कहां हो’ आहे. तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, आणि वेष्टन ॲल्युमिनियमचे. त्या वेष्टनावर एकही अक्षर नाही. सुई कशी ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी याच्या आकृत्या, हायड्रोजनच्या अणूचे चित्र, आणि सूर्याचा पत्ता सांगणाऱ्या चौदा स्पंदक ताऱ्यांच्या रेघा. पंडित नाही, उस्ताद नाही, बाई नाही. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तबकडीच्या मधल्या लेबलावर मात्र जुनी रीत थोडी उरली आहे. नावाच्या जागी ‘पृथ्वीचे ध्वनी’, गावाच्या जागी आधी देश आणि मग ग्रह. गोव्यातले केरी त्यात नाही.