रुळांकाठची मालमोटार : एका लघुप्रतिकृति-संग्रहाचा ऐतिहासिक विचार

१

जुन्या वस्तूंचा संग्रह हे इतिहासाचे साधन होय, हे तत्त्व नाणी, शस्त्रे आणि भांडी यांच्या बाबतीत आपल्याकडे केव्हाच मान्य झाले आहे. खेळण्यांच्या बाबतीत मात्र ते अद्याप संकोचानेच स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात ज्या वस्तूंचा विचार करावयाचा आहे त्या तळहातावर मावणाऱ्या आहेत. खेळातील आगगाडीच्या मांडणीत मालधक्क्यावर, फाटकापाशी किंवा पुलाखाली उभ्या करण्यासाठी ज्या मालमोटारींच्या लघुप्रतिकृती तयार झाल्या, त्यांचा संग्रह करणारे हौशी लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. अशा संग्रहाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने वळावयाचे ठरविले तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, हा पुरावा नेमका कशाचा? रस्त्यावरील मालवाहतुकीचा, की खेळण्यांच्या बाजाराचा? या प्रश्नाचे उत्तर संग्रहातील वस्तूंवर जितके अवलंबून आहे, तितकेच तो संग्रह कोणत्या नियमाने झाला यावरही अवलंबून आहे, असे आमचे मत आहे. विवेचनासाठी मुख्यतः इंग्लंडमधील उदाहरण घेतले असून तुलनेपुरता जर्मनीचा उल्लेख केला आहे.

२

लहान मालमोटारीचा जन्म आगगाडीच्या आश्रयाने झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनो या जोडखेळाचे पेटंट घेतले आणि १९२० पासून त्यांच्या कारखान्यातून किल्लीच्या आगगाड्या बाहेर पडू लागल्या. गाडी आली की स्थानक आले, स्थानक आले की हमाल, उतारू आणि सामान आले. या क्रमानेच स्थानकावरील माणसांच्या छोट्या आकृती निघाल्या, आणि १९३३ च्या डिसेंबरात २२ क्रमांकाचा सहा वाहनांचा संच विक्रीस आला. त्यात दोन मोटारी, एक ट्रॅक्टर व एक रणगाडा यांच्याबरोबर एक मालमोटार आणि एक माल पोचविणारी बंद गाडी होती. त्या वेळी या मालिकेचे नाव 'मॉडेल्ड मिनिएचर्स' असे होते. १९३४ मध्ये तिला 'डिंकी टॉईज' हे पुढे जगप्रसिद्ध झालेले नाव मिळाले. त्याच वर्षी २५ क्रमांकाच्या मालिकेत उघडी, ताडपत्रीची, सपाट तळाची, पेट्रोलच्या टाकीची, माल उलटवून टाकणारी आणि भाजीवाल्याची अशा सहा मालमोटारी आल्या. रेल्वेच्या मालधक्क्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांची ही जणू यादीच होय.

यानंतर १९३५ मध्ये आलेले 'मेकॅनिकल हॉर्स' हे खेळणे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. इंग्लंडमध्ये स्थानकापासून व्यापाऱ्याच्या दारापर्यंत माल पोचविण्याचे काम रेल्वे कंपन्या आपल्या घोडागाड्यांनी करीत असत. अरुंद गल्लीत घोड्याप्रमाणे जागच्या जागी वळू शकेल असे तीन चाकांचे यांत्रिक वाहन या कंपन्यांना हवे होते. कॅरिअर आणि स्कॅमेल या कारखान्यांनी एकोणीसशे तिशीच्या आरंभी ते तयार केले, आणि मागे निरनिराळे जोडगाडे अडकविता येत असल्याने एक गाडा भरला जात असता दुसरा ओढून नेण्याची सोय झाली. डिंकीची प्रतिकृती त्या वेळच्या चार मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत मिळत असे. म्हणजे येथे मालमोटार रेल्वेची प्रतिस्पर्धी नसून तिचीच सेविका आहे. १ जानेवारी १९४८ रोजी या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यामुळे कंपनीच्या रंगातील हे खेळणे आपल्या काळाची सीमा आपल्याच अंगावर घेऊन आलेले आहे.

३

आता प्रमाणाचा प्रश्न. आगगाडीच्या मांडणीत प्रमाण हा सौंदर्याचा नव्हे तर सत्याचा प्रश्न असतो. 'ओ' या जुन्या मापात इंग्लंडमध्ये प्रत्यक्षातील एक फूट सात मिलिमीटरने दाखवीत. म्हणजे प्रमाण १:४३·५ झाले. घरातील जागा कमी पडू लागली तेव्हा हे माप अर्धे करण्यात आले. एका फुटास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७. हेच 'एचओ' म्हणजे अर्धे ओ. प्रत्यक्षातील १४३५ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटरचा होतो. पुणे येथे कोथरूडमध्ये १९९८ साली सुरू झालेले भाऊ जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या मापाची कल्पना सहज येईल.

इंग्लंडमध्ये मात्र एक अडचण उद्भवली. तेथील इंजिने युरोपातील इंजिनांहून अरुंद असल्याने साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना. तेव्हा रूळ साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवून वरचा भाग चार मिलिमीटरच्या, म्हणजे १:७६ च्या प्रमाणात करण्यात आला. ही तडजोड 'डबल-ओ' या नावाने रूढ झाली आणि १९३८ साली निघालेल्या हॉर्नबी डब्लो गाड्यांनी ती कायम केली. परिणाम असा की, सहा मीटर लांबीची एकच मालमोटार ओ मापात सुमारे १३८, इंग्लंडच्या डबल-ओ मापात ७९ आणि जर्मनीच्या एचओ मापात ६९ मिलिमीटरची होते. दोन राष्ट्रांतील मालमोटारी एका मांडणीत शेजारी उभ्या केल्या तर हा एक सेंटिमीटरचा फरक डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

गंमत अशी की, मोठ्या मापाच्या आगगाड्या मागे पडल्यावरही १:४३ हे प्रमाण मोटारींच्या संग्राहकांत टिकून राहिले. ज्या गाडीसाठी हे माप ठरले ती घरातून गेली, आणि माप मात्र कपाटात राहिले.

४

प्रमाणाचे बंधन सुटले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या लेस्नी कंपनीची 'मॅचबॉक्स' मालिका. ती १९५३ साली सुरू झाली. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती, त्यावरून ही कल्पना सुचली अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, येथे माप ठरविले ते डबीने. चार मीटरची मोटार सहा सेंटिमीटरमध्ये बसवावयाची तर प्रमाण १:६७ पडते. आठ मीटरची दुमजली बस तेवढ्याच लांबीत बसवावयाची तर ते १:१३३ वर जाते. डबीत सारी वाहने सारखीच मोठी, कारण सर्वांची किंमत सारखीच. मुलाच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. मांडणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही मालिका चाळूनच घ्यावी लागते. त्यातील जी मालमोटार योगायोगाने १:७६ च्या जवळपास येईल तेवढीच मालधक्क्यावर उभी राहू शकते.

ही उणीव ओळखूनच मेकॅनो कंपनीने १९५७ च्या अखेरीस 'डब्लो डिंकी' ही छोटी मालिका काढली. ऑस्टिनची लॉरी, बेडफर्डचा सपाट ट्रक, टपालाची गाडी, घोड्याच्या गाड्यासह लँड रोव्हर इत्यादी वाहने खास डब्लो गाड्यांच्या शेजारी शोभावीत म्हणून तयार झाली. जर्मनीत बर्लिनच्या विकिंग कारखान्याने निराळा मार्ग धरला. फ्रिड्रिख पेल्ट्सर यांचा हा कारखाना मुळात जहाजांच्या लघुप्रतिकृतींसाठी प्रसिद्ध होता. युद्धोत्तर काळात त्याने धातूऐवजी प्लॅस्टिक वापरून रस्त्यावरील वाहने काढली. आरंभी त्यांचे प्रमाण १:९० च्या आसपास होते. पुढे ते १:८७ वर स्थिर झाले. त्यामुळे जर्मन मांडणीकाराला आपल्या रस्त्यांवरील मालमोटारी एकाच मापात वर्षानुवर्षे मिळत गेल्या. या सातत्यामुळेच विकिंगचा जुना संग्रह आज जर्मन रस्त्यांच्या इतिहासाचे चांगले साधन ठरतो.

५

येथवर प्रमाणाचा विचार झाला. काळाचा विचार याहून कठीण आहे. नवशिक्या मांडणीकाराकडून एक चूक हटकून होते. तो १९५७ सालचे स्थानक करावयाचे ठरवितो आणि १९५७ साली निघालेल्या मालमोटारी रस्त्यावर आणून ठेवतो. प्रत्यक्षात कोणत्याही रस्त्यावर त्या वर्षीची नवी वाहने थोडी आणि दहा-पंधरा वर्षांची जुनी वाहने पुष्कळ असतात. केवळ नव्या वाहनांनी भरलेला रस्ता हा रस्ता नसून कारखान्याची जाहिरात होय. म्हणून जाणता संग्राहक युद्धपूर्व मालमोटार आपल्या १९५० नंतरच्या मांडणीतही जपून ठेवतो.

लहान खुणांचेही असेच आहे. इंग्लंडमध्ये जड मालमोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि मागील बाजूस '२०' असा आकडा लावावा लागे. १९५७ मध्ये ही मर्यादा ३० मैल झाली. वाहनाच्या क्रमांकाच्या अखेरीस वर्षदर्शक अक्षर लावण्याची पद्धत १९६३ मध्ये सुरू झाली. नाणेशास्त्रज्ञ टांकसाळीच्या चिन्हावरून काळ ठरवितो, त्याच रीतीने मांडणी पाहणारा अभ्यासक अशा पाटीवरून दृश्याचा काळ ठरवू शकतो, आणि चूक झाली असल्यास ती तत्काळ पकडू शकतो.

तिसरी कसोटी रंगांची व नावांची. अलीकडील प्रतिकृतींपैकी पुष्कळांवर एकाच साच्यातील गाडी निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी रंगविलेली आढळते. अशा गाडीवर जे नाव आहे ते त्या जातीच्या खऱ्या गाडीवर कधी होते काय, हे छायाचित्रावरून ताडून पाहिल्यावाचून तिला पुरावा मानू नये. कारखानदाराचे प्रयोजन विक्री हे असते, साक्ष देणे हे नसते.

६

या संग्रहात एक ऐतिहासिक विरोधाभासही दडलेला आहे. मांडणीतील मालमोटार रेल्वेकडे माल आणते. प्रत्यक्ष इतिहासात तिने तो रेल्वेकडून नेला. १९५५ च्या मे-जून महिन्यांत इंग्लंडमध्ये इंजिनचालकांचा संप झाला आणि पुष्कळ माल रस्त्याकडे वळला. १९५९ च्या नोव्हेंबरात एम-१ हा द्रुतमार्ग खुला झाला. १९६३ च्या मार्चमध्ये बीचिंग यांचा अहवाल येऊन लहान स्थानके व शाखा-मार्ग बंद करण्याचा सपाटा सुरू झाला. म्हणजे डब्लो डिंकीच्या मालमोटारी ज्या छोट्या मालधक्क्यावर मुले उभ्या करीत होती, तो मालधक्का त्याच सुमारास प्रत्यक्षात नाहीसा होत होता. पुढे खेळण्यांचे कारखानेही टिकले नाहीत. लिव्हरपूलचा मेकॅनो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि १९८२ मध्ये लेस्नी कंपनीचे दिवाळे वाजले. डिंकीच्या काही जुन्या साच्यांतून मात्र कलकत्त्यास 'निकी टॉईज' या नावाने गाड्या निघत होत्या, ही आपल्या देशाशी संबंध असलेली गोष्ट येथे नमूद करणे योग्य होईल.

खुद्द वस्तूंचे आयुष्यही अमर्याद नाही. युद्धपूर्व डिंकी ज्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतल्या गेल्या, त्यात काही वेळा शिशाचा अंश मिसळला जाई. अशा धातूला आतून भेगा पडतात, तो फुगतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. तिच्यावर उपाय नाही. कोरड्या, समशीतोष्ण जागेत ठेवून ती लांबविता येते एवढेच. म्हणून ज्यांच्यापाशी अशा वस्तू आहेत त्यांनी त्यांची मापे, रंग व तळावरील अक्षरे यांची नोंद व छायाचित्रे आजच करून ठेवणे अगत्याचे आहे. वस्तू गेली तरी नोंद राहील.

७

सारांश, मालमोटारींच्या लघुप्रतिकृतींचे संग्रह दोन प्रकारचे असतात. पहिला अनुक्रमांकाने होतो. त्यात प्रत्येक डबी मूळ वेष्टनासह जपलेली असते आणि एखादा क्रमांक नसला की संग्राहकाला चैन पडत नाही. असा संग्रह कारखान्याच्या इतिहासाचा उत्तम पुरावा होय. दुसरा संग्रह मांडणीच्या गरजेने होतो. त्यात प्रमाण, काळ आणि कार्य या तीन कसोट्यांवर वस्तू निवडली जाते, वेष्टन फेकले जाते, चकाकी घालविण्यासाठी रंगावर धूळही चढविली जाते. बाजारात तिची किंमत उतरते. परंतु एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट स्थानकावर, वाघिणीतून उतरलेली पोती कोणत्या गाडीने कोणाच्या दारी गेली, या प्रश्नाचे उत्तर द्यावयास दुसऱ्या प्रकारचा संग्राहकच भाग पडतो. आणि उत्तर देण्यासाठी त्याला जुनी छायाचित्रे, वेळापत्रके व वाहतुकीचे कायदे चाळावे लागतात. पहिल्याने वस्तू राखली, दुसऱ्याने तिचा संदर्भ राखला. अभ्यासकाला दोहोंचीही गरज आहे. मात्र कोणता संग्रह आपल्यापुढे आहे हे प्रथम ओळखल्याखेरीज त्याने कोणताही निष्कर्ष काढू नये.