कुलूप घेतलं, पण जुनं दार उघडंच!

२०१९ची गोष्ट. अंबड एमआयडीसीतले एक ओळखीचे कारखानदार खुशीत म्हणाले, "वेबसाईटला कुलूप बसवलं बरं का!" मी त्यांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता 'एचटीटीपी'सकट टाइप केला. साईट उघडली आणि वर शब्द आले, 'नॉट सिक्युअर'. नवं दार बंद, जुनं सताड उघडं. त्याच साईटवर नोकरीचा फॉर्म होता. पोरं त्यात नाव, मोबाईल, आधार नंबर भरत होती.

एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. पुढे 'एस' लागला की बंद पाकीट. हे पाकीट नेटस्केप कंपनीने १९९४ मध्येच आणलं. पण प्रमाणपत्राला पैसे पडायचे, सर्व्हरवर भार यायचा. म्हणून बऱ्याच साईट पासवर्डपुरतं पाकीट वापरायच्या, पुढे परत पोस्टकार्ड.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने 'फायरशीप' फुकट वाटलं. उघड्या वायफायवर शेजारच्याच्या फेसबुक खात्यात शिरणं एका क्लिकचं काम झालं. मग मोठ्या कंपन्या हलल्या. फेसबुकने २०१३ पर्यंत सगळ्यांना एचटीटीपीएसवर नेलं.

जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांसाठी रीडायरेक्ट असतो. सर्व्हर '३०१' असं उत्तर देतो, म्हणजे 'ऑफिस कायमचं हललंय, तिकडे जा'. पण ही पाटीसुद्धा उघड्या रस्त्यावरच. मधला माणूस ती लपवू शकतो, हे मॉक्सी मार्लिनस्पाइकने २००९ मध्येच करून दाखवलं होतं. त्यावर २०१२ मध्ये 'एचएसटीएस' हा नियम आला. एकदा सुरक्षित दाराने आलेला ब्राऊजर ठरलेल्या मुदतीत जुन्या दाराकडे फिरकतच नाही.

डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एनक्रिप्ट' प्रमाणपत्र फुकट देतंय. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या साईटवर 'नॉट सिक्युअर' लिहितो. म्हणजे पैशाची सबब केव्हाच संपली.

आता नवे ब्राऊजर आधी 'एस' लावूनच बघतात. पण कामगार वस्तीत सगळ्यांचे फोन नवे नाहीत. आणि कुलूप असलं म्हणजे मालक प्रामाणिक असं नाही, एवढंही लक्षात ठेवा.

आपल्या त्या कारखानदारांचं काम वेबसाईटवाल्याने फोनवरच दहा मिनिटांत केलं. तुमचा कारखाना, शाळा, पतसंस्था असेल, तर आजच आपल्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: ३०१ लावलाय का? एचएसटीएस लावलंय का?

उत्तर काय मिळालं, खाली सांगा.