दोन हत्ती आणि न वाचता येणारी अक्षरे

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना काही शब्द असे भेटतात की ते कोणत्या भाषेचे, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. 'छाप' आणि 'मार्का' हे तसे शब्द आहेत. मार्का मूळचा इंग्रजी, पण तो आपल्याकडे शाळेतून आला नाही, बाजारातून आला. आपल्या आजोबांच्या पिढीने वस्तू मागितली ती चित्रावरून. गाय छाप जर्दा द्या, चारमिनार द्या. बहुसंख्य लोक निरक्षर होते, त्या काळात लेबल हे वाचण्यापेक्षा ओळखण्यासाठी होते.

एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या व्यापाऱ्यांनी हे नेमके हेरले. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या थानावर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. बाजारात त्याला तिकीट, टिका किंवा छाप म्हणत. त्यावर देवदेवता, राजेमहाराजे, प्राणी, इमारती असत. रॅली ब्रदर्स आणि ग्रॅहम या पेढ्यांची अशी तिकिटे आजही संग्राहक जपून ठेवतात. कापड संपले तरी चित्र घरातल्या भिंतीवर राही. याहून स्वस्त जाहिरात कोणती?

पण ग्राहक चित्रावर विश्वास ठेवतो म्हटल्यावर चित्राची नक्कल होणारच. याचा एक गाजलेला खटला थेट मुंबईशी जोडलेला आहे. स्कॉटलंडच्या ऑर युइंग कंपनीचे तांबडे सूत मुंबई आणि एडनच्या बाजारात जात असे. त्याच्या तिकिटावर दोन हत्ती होते. गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेत नसे. ते सूत 'बे हाथी' म्हणूनच ओळखले जाई. गुजरातीत बे म्हणजे दोन. पुढे जॉन्स्टन या दुसऱ्या पेढीने आपल्या सुतावर दोन हत्तींचेच तिकीट लावले. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1882 मध्ये निकाल ऑर युइंगच्या बाजूने लागला. इंग्रजी जाणणाऱ्याला दोन तिकिटांतला फरक कळला असता, पण हे सूत घेणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांच्या नजरेला दोन हत्ती म्हणजे तेच जुने सूत.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. लेबल फसवे आहे की नाही, हे लंडनच्या सुशिक्षित माणसाच्या नजरेने ठरवायचे नाही, माल विकत घेणाऱ्याच्या नजरेने ठरवायचे, हे तत्त्व त्यात आहे. अर्थात खटला कंपनीने आपल्या धंद्यासाठी लढला होता. विणकराची बाजू मांडायला तिथे कोणी गेले नव्हते.

मग 1889 मध्ये हिंदुस्थानात मालावरील खुणांचा कायदा आला. खोटी खूण किंवा खोटे वर्णन गुन्हा ठरले. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक थानावर त्याची लांबी यार्डांत छापणे सक्तीचे झाले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय. पण आकडे कोणत्या लिपीत? इंग्रजी. म्हणजे माल विकणारे चित्र गिऱ्हाइकाच्या ओळखीचे आणि हिशेब सांगणारा आकडा सरकारच्या ओळखीचा.

आज आपण साक्षर झालो. पाकिटावरची माहिती कायद्याने सक्तीची आहे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पण हे सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे, असे नियम सांगतो. मराठी किंवा उर्दू जोडायला मनाई नाही, सक्तीही नाही. परिणाम समोर आहे. पाकिटाच्या पुढे हसरे मूल आणि रसरशीत फळ, मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत साखर, तेल आणि आकडे. मांसाहाराचे तपकिरी चिन्ह मांसाहार आहे एवढेच सांगते, कोणत्या प्राण्याचा ते सांगत नाही. ज्याला हलालची फिकीर आहे त्याला हे कळायला हवे, तसेच ज्याला मधुमेह आहे त्याला साखरही कळायला हवी.

म्हणून मी भाषेच्या तासाला रिकामी पाकिटे वापरायला सुचवतो. मुलांनी पुढचे चित्र बाजूला ठेवून मागची बाजू वाचावी, तिचे मराठी किंवा उर्दू करावे आणि ते घरी आईला वाचून दाखवावे. मराठी पाट्यांसाठी आपण आग्रह धरतो. दुकानाच्या पाटीपेक्षा आपल्या पोटात जाणाऱ्या वस्तूवर मराठी असणे कमी गरजेचे आहे का?