घागरीचा सूर आणि मोटारीची नळी

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला, आणि जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की खड्ड्यांच्या खडखडाटात दडलेला आवाज उघडा पडतो. हौसेने बाजारातून आणून बसवलेला सायलेन्सर घुमू लागतो, आणि अकोला येईपर्यंत डोके भणभणते.

तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. त्या काळी रस्त्यावर घोडागाड्याच फार. आवाजाने जनावरे बुजत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ सालीच आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. दर स्फोटागणिक इंजिनातून जोराने सुटणारा वायू डब्यातील भोकाभोकांच्या नळ्यांतून आणि पडद्यांतून फिरतो, नि आवाजाच्या लाटा आपसांत आदळून जिरतात. शौकाच्या सरळ नळीत हे पडदेच नसतात. मग काय होणार!

पण गाडी एका ठरावीक वेगालाच का घुमते? रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घालून पाहा बरं. एकच सूर निघतो. पोकळ भांड्यांच्या या नादाचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात केला. गाडीच्या नळीलाही असाच आपला सूर असतो. इंजिनाचे ठोके त्याच्याशी जुळले की घुमणे सुरू. त्यावर उतारा म्हणजे मूळ नळीला जोडलेली, दुसरे तोंड बंद असलेली आडनळी. तिची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली, की आत गेलेली लाट उलटून येते नि मूळ लाटेला मारते. सेकंदाला १०० कंपनांच्या सुरासाठी साध्या हवेत ही लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर भरते. तापलेल्या वायूत आवाज अधिक वेगाने धावतो, म्हणून प्रत्यक्षात नळी त्याहून लांब लागते.

मात्र आडनळीच्या आधी सांधे तपासून घ्या. खडखड असेल तर लटकणीचे रबर फाटलेले असेल. इंजिन थंड असताना टिकटिक किंवा फसफस येत असेल, तर वायू गळतो आहे असे समजा, आणि गाडी तशीच दामटू नका. त्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मागच्या बाकावर लेकरे झोपलेली असतात.

मास्तरांसाठी एक गोष्ट. शाळा-दवाखान्यांभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र ही तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. वाहनाच्या आवाजाचे नियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि हो, गाडीबरोबर आलेला मूळ सायलेन्सर माळ्यावर पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. बहुतेक वेळा तोच परत बसवून घेणे सगळ्यांत स्वस्त पडते.