मिनिटाला तीस शब्द

विजयदुर्गाला बोट लागायची त्या काळात वाघोटन खाडीच्या दोन्ही तीरांवरचे पुरुष मुंबईची गिरणी गाठायचे आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं, देवधर्म, सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर पडायचं. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत, ती त्याच जुन्या वाटेची खूण. मुंबईहून मनिऑर्डर आली की पोस्टमनच्या शाईत बुडवलेला अंगठा पावतीवर उमटायचा, आणि फॉर्मच्या तळाशी घरधन्याने लिहिलेल्या दोन ओळी वाचायला शेजारचं शाळकरी पोर बोलवावं लागायचं. नवऱ्याचा खासगी शब्दही परक्याच्या तोंडून ऐकावा लागणं हे दुःख लहान नव्हतं. त्यामुळे प्रौढ शिक्षणाची गरज इथे कुणाला पटवून द्यावी लागली नसणार. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या शिक्षणाने बाईची निरक्षरता पाहिली, पण तिच्या कामावर होणारा अन्याय अभ्यासक्रमात घेऊनही परीक्षेत घेतला नाही.

राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ ला सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी सिंधुदुर्गात संपूर्ण साक्षरतेची मोहीम झाली. मिशनने केलेली कार्यात्मक साक्षरतेची व्याख्या आजही वाचण्यासारखी आहे. आपल्या वंचिततेची कारणं ओळखणं, संघटित होऊन ती परिस्थिती बदलू लागणं आणि स्त्री-पुरुष समानतेचं मूल्य अंगी बाणवणं, हे सगळं तिच्यात होतं. मोजमाप मात्र असं ठरलं: मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचणं, सात शब्द उतरवून घेणं, तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी. जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं, हे कोणत्याही मास्तरला ठाऊक असतं. वंचिततेच्या कारणांना गुण नव्हते.

ती कारणं विजयदुर्गाच्या बंदरावर उघड्यावर होती. होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळी निवडणं, लिलावात घेणं, खारवून वाळवणं, पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकणं, हे काम मुख्यतः बायकांचं. पण १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा परवाना मिळतो नौकेच्या मालकाला, आणि डिझेलवरची सवलतही नौकेमागूनच जाते. नौका सहसा पुरुषाच्या नावावर. यावर कुणी म्हणेल, समुद्रात जीव धोक्यात घालतो तो पुरुष, मग मालकी त्याची असली तर बिघडलं कुठे? धोका खराच, आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण मासळी न खपता नासली तर लिलावात पैसे घातलेल्या बाईचं भांडवल बुडतं. तिच्या त्या जोखमीची नोंद कुठल्या परवान्यावर आहे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधी अक्षर तर येऊ दे, हक्क मागाहून येतील. अक्षराशिवाय अर्ज वाचता येत नाही, हे मान्य. पण महाराष्ट्रातच याच काळात उलटा क्रमही दिसला. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हाती घेतली आणि बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा आग्रह गावोगाव धरला. सातबाऱ्यावर आपलं नाव पाहायचं असेल तर ते वाचायला शिकावंसं वाटणारच. मिळकत पुढे आणि अक्षर तिच्या मागून, हाही शिकण्याचा रस्ता आहे. किनाऱ्यावर मात्र नौकेच्या कागदावर बायकोचं नाव घालण्याची अशी चळवळ उभी राहिली नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

मोहिमेचा भर होता १५ ते ३५ या वयावर. पाटी घेऊन बाजार करणाऱ्या बाया बहुधा त्याच्या पुढच्या, पोरं हाताशी आल्यावरच घराबाहेर पडू शकलेल्या. ज्यांचा धंदा रोज पैशाशी आणि दलालाशी होता, त्याच वर्गाच्या कडेला राहिल्या. पुढे २००९ मध्ये ‘साक्षर भारत’ आलं, वयाची वरची अट गेली, स्त्रियांना अग्रक्रम मिळाला. पण जिल्हे निवडताना कसोटी लावली २००१ ची स्त्री-साक्षरता पन्नास टक्के किंवा त्याहून कमी असण्याची. सिंधुदुर्ग तिच्या कितीतरी वर होता, म्हणून तो योजनेबाहेर राहिला.