पखवाज, भारूड आणि वाटेवरची माणसं



शतकमहोत्सवाच्या या अंकासाठी मंडळींनी विषय वाटून घेतले तेव्हा विणेकरी कुणाला आले, अन्नदाते कुणाला आले, जुने फडप्रमुख कुणाला आले. वाजवणारे आणि सोंगं काढणारे कुणाच्याच वाट्याला गेले नाहीत, म्हणून ते आम्ही मागून घेतले. आमची शाळा चौथीपर्यंतची. कागदपत्र आमच्याजवळ नाही. म्हाताऱ्या माणसांनी बसून सांगितलं ते, आणि चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी चालून दिसलं ते, एवढंच इथं लिहीत आहोत. काही गोष्टी त्यांनी जशा उघड सांगितल्या तशाच ठेवल्या आहेत. कुणाला खटकलं तर सांभाळून घ्यावं.

सोहळ्याचा इतिहास वारकऱ्याला नव्यानं सांगायला नको. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. पुढं माऊलींच्या सोहळ्याला आजचं रूप आलं ते आरफळच्या हैबतबाबांमुळं. ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. त्यांनी दिंड्यांना क्रम लावला, रथापुढच्या आणि रथामागच्या ठरवल्या. लष्करात राहिलेला माणूस, त्यामुळं शिस्त आली. पण शिस्त पावलात बसते ती पखवाजानं. हजार माणसांची दिंडी एका ठेक्यावर चालते, आणि तो ठेका एका माणसाच्या गळ्यात अडकवलेला असतो हे आपण विसरतो.

आपल्या दिंडीचे पखवाजवाले तात्या (नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे) हे आमच्या आधीच्या पिढीतले. ते म्हणायचे, "लेका, पाऊस आला की समद्यांना आनंद होतो, शेतकऱ्याला तर जास्तच. मला मात्र पुडीची काळजी लागती." ओल लागली की चामडं सैल पडतं, आवाज बसतो, कितीही थाप मारा, घुमत नाही. मग वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून ताण वाढवायचा. उन निघालं की तेच चामडं ताणतं, मग गट्टे पुन्हा खाली. दिव्याच्या घाटात एका दिवसात तीनदा ठोकाठोक केल्याचं ते सांगत. त्यात तो दिवस एकादशीचा, पुणे ते सासवड ही सोहळ्यातली सगळ्यात मोठी मजल, पोटात साबुदाण्याचे चार घास आणि गळ्यात शिसवी खोड. घाट चढताना बाकीच्यांना वाऱ्यानं बळ येतं. तात्यांना पट्ट्यानं मानेवर वळ येई. ते पंचाची घडी करून पट्ट्याखाली घालत. तो पंचा संध्याकाळी सोडला की त्यावर रक्ताचा डाग असायचा, हे आम्ही डोळ्यानं पाहिलं आहे.

डाव्या तोंडाला कणीक लागते. ती रोज ताजी मळावी लागते, वाळली की बोल कोरडा निघतो. मुक्कामाला पोचल्यावर माणसं पाय चेपून घेत, तात्या स्वयंपाकाच्या राहुटीपाशी जाऊन उभे राहत. "माई, मूठभर कणीक द्या." बहात्तरच्या दुष्काळात दिंडीत पीठ मोजून यायचं. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "पोरांच्या भाकरीत कमी पडलं तर पखवाज काय चाटायचा?" तात्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. स्वतःच्या वाट्याची एक भाकरी सोडली आणि तेवढं पीठ घेतलं. त्या वारीत त्यांनी दुपारी एकच भाकरी खाल्ली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या म्हातारीनंच पुढं आम्हाला सांगितलं.

बोटांचं सांगायचं राहिलं. पावसात भिजलेली बोटं फुगतात, मग चिरतात. रात्री तेल गरम करून, त्यात मेण टाकून चिरांत भरायचे. सकाळी काकड्याला तीच बोटं चामड्यावर. टाळकऱ्यांचंही तसंच, अंगठ्याच्या बेचक्यात दोरीनं सोलतं. गाणाऱ्याचा घसा जेजुरीपर्यंत बसतो, वाल्ह्यापर्यंत पार जातो आणि नीरा ओलांडल्यावर कसा कोण जाणे परत येतो. ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर ही औषधं. कुणी तंबाखूला औषध म्हणतो, तेही लिहून ठेवतो.

एकदा तात्यांचा पखवाज हरवला. सामानाच्या ट्रकमध्ये ठेवला होता, गर्दीत दुसऱ्याच दिंडीच्या सामानात गेला. फलटणच्या तळावर समाजआरतीची वेळ झाली. चोपदारानं चोप उंच केला, सगळा तळ चिडीचूप झाला. पण ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचे असा आपला रिवाज आहे. आपले टाळकरी वाजवत राहिले. एवढ्या शांततेत आपलेच चौदा टाळ. चोपदार आले, ऐकून घेतलं, आणि हरवलं-सापडलंच्या यादीत पखवाज पुकारला गेला. रात्री दहाच्या सुमारास रथामागच्या एका दिंडीतला पोऱ्या तो डोक्यावर घेऊन आला. तात्यांनी आधी पुडीवर हात फिरवला, मग त्या पोराच्या तोंडावरनं.

आता भारूडवाल्यांकडं येऊ. नाथमहाराजांनी विंचू, भूत, जोगवा, वासुदेव, जोशी, गोंधळ अशी किती रूपकं लिहून ठेवली. लोकांना आवडतो तोच खेळ घ्यायचा आणि त्यातून परमार्थ सांगायचा. आपल्या सोहळ्यात वेळापूरला माऊलींपुढं भारुडं होतात, तिथं जागा मिळवायला माणसं दुपारपासून बसतात. आपल्या दिंडीतही पहिल्यापासून भारूड आहे. जोगव्याला लुगडं नेसणारे अण्णा आम्ही लहानपणापासून पाहिले. त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात एक हिरवं लुगडं, परडी, कवड्यांची माळ, हळद-कुंकवाचे डबे आणि एक छोटा आरसा. ट्रंकेला ते कुणाला हात लावू देत नसत.

अण्णांना आम्ही एकदा विचारलं, दिवसभर चालून रात्री उभं राहून लोकांना हसवायचं कसं जमतं? ते म्हणाले, "बुवा, तुमचं कीर्तन बरं असतं. लोक झोपले तरी तुम्हाला वाटतं समाधी लागली. माझ्यासमोर कुणी हसलं नाही तर मला लगेच कळतं." पुढं म्हणाले, "पायाला फोड असले की मी नाच जास्त करतो. पहिल्या चार पावलाला जीव जातो, मग फोड फुटतो आणि बरं वाटतं." ते हसून सांगत, पण आम्ही रात्री त्यांचे पाय पाहिले आहेत.

त्यांनी आणखी एक सांगितलं. दिंडीत लुगडं नेसलं की बाया पाया पडत, परडीत पैसा टाकत. हेच लुगडं नेसून गावच्या जत्रेत उभं राहिलं तर पोरं मागून नाव ठेवून हाक मारत. "लुगडं एकच, माणूस बी एकच," एवढंच ते म्हणत.

त्यावरून तमाशाची गोष्ट लिहिणं भाग आहे. काहींना वाटेल की दिंडीच्या अंकात तमाशा कशाला? पण फड हा शब्द आपलाही आणि त्यांचाही. गवळण आपल्याकडं आणि त्यांच्याकडंही. नारायणगावाला लोक तमाशाची पंढरी म्हणतात, तिथं पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. दसऱ्याला त्यांचा हंगाम सुरू होतो, बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. पावसाळ्यात तंबू बंद. मग कुणी रोजंदारीला जातो, कुणी पुढच्या हंगामाची उचल घेऊन घर चालवतो आणि त्या उचलीपायी परत त्याच फडात बांधला जातो. त्या रिकाम्या दिवसांतच आपली वारी असते.

तर असा एक ढोलकीवाला शेजारच्या गावातून आपल्या दिंडीत येऊ लागला. तात्यांचा हात थकला होता, त्यांनीच त्याला बोलावलं. पहिल्याच वर्षी कुरबूर झाली. तमाशाचा माणूस पखवाजाला नको, असं दोघा-तिघांनी फडप्रमुखांपुढं मांडलं. त्याच्या जातीचाही उल्लेख झाला, तो आम्ही इथं झाकणार नाही. लोणंदच्या मुक्कामाला बैठक बसली. तात्या फक्त एवढं बोलले, "विठ्ठलाचं देऊळ सत्तेचाळीस सालापासून समद्यांना उघडं हाय. साने गुरुजी त्यासाठी उपाशी राहिले. पखवाज देवळापेक्षा सोवळा हाय का?" फडप्रमुखांनी त्या ढोलकीवाल्याला माळ आहे का विचारलं. होती. विषय तिथं संपला. तक्रार करणाऱ्यांपैकी एक जण मात्र त्या वर्षी दिंडी सोडून गेला तो परत आला नाही.

हा ढोलकीवाला तमाशातलं मोकळेपणानं सांगे. ट्रकमध्ये सामानावर झोपायचं, सकाळी उठल्यावर गाव कुठलं ते विचारायचं. पहाटेपर्यंत वग, मग तंबू उतरवायचा आणि पुढचा गाव. सोंगाड्या सगळ्यात हुशार माणूस, कारण गावात पोचल्यावर तासाभरात त्याला पाटील कोण, भांडण कशाचं, यंदा पीक कसं हे काढावं लागतं, तेव्हा बतावणीत हशा येतो. दादू इंदुरीकर, ज्यांचं 'गाढवाचं लग्न' गाजलं, ते देहूजवळच्या इंदुरीचे. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ. त्यांची नावं तो आपण संतांची घ्यावी तशी घेई. विठाबाई नारायणगावकरांचा जन्मच पंढरपुरातला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बाहेर आल्या, ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला, शेवटची वर्षं हलाखीत गेली, आणि आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. ढोलकीवाला म्हणायचा, "बुवा, कौतुक हाय. पण त्या रातीला कुणीतरी पडदा पाडायला पायजे हुता." आम्हालाही तेच वाटतं.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. जत्रा सगळ्या बंद, म्हणजे तमाशाची वर्षाची कमाई गेली. आषाढीला पादुका एसटीनं मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही पायी वारी झाली नाही. आम्हा शेतकऱ्यांच्या घरात धान्य तरी होतं. या वाजवणाऱ्यांकडं काय? ढोलकीवाल्यानं ढोलकी विकायला काढली असं कळलं तेव्हा दिंडीतल्या घरांनी पायलीपायली ज्वारी गोळा केली आणि पोचवली. त्यानं ज्वारी घेतली. दुसऱ्या दिवशी आपल्या देवळात येऊन एकटाच दोन तास पखवाज वाजवत बसला. देवळाला कुलूप होतं, तो बाहेर पायरीवर बसला होता.

राहिला पैशाचा विषय. दिंडीत भिशी सगळे भरतात, पखवाजवाल्याला ती माफ. पूर्वी काल्याच्या दिवशी त्याला धोतरजोडी आणि नारळ देत. आता जोगमहाराजांच्या संस्थेतून, जी १९१७ पासून आळंदीत आहे, शिकून आलेली पोरं चांगलं वाजवतात आणि वारीचा आकडा ठरवून घेतात. यावरून जुनी मंडळी नाराज आहेत. तुकोबारायांनी कथेचं मोल घेऊ नये असं सांगितलं, हे खरंच आहे. पण ते आधी आम्हा कीर्तनकारांना लागू आहे. कीर्तनकार हजारोंचं पाकीट घेऊन गाडीत बसतो आणि मृदंगाच्या पोराला एसटीचं भाडं मिळतं, असं आम्ही सप्ताहात पाहतो. नवीन पुडी चढवायची, वादी बदलायची, शाई भरून घ्यायची, याला पैसा लागतो. तो त्यानं कुठून आणायचा?

म्हणून यंदाच्या बैठकीत आम्ही मांडलं आणि ते मंजूर झालं. दोन्ही पखवाजांची पुडी, वादी आणि दुरुस्ती दरवर्षी दिंडीच्या खर्चातून. वाजवणाऱ्यांना भिशी माफ राहीलच, शिवाय काल्याला रोख बिदागी, आकडा मंडळींसमोर उघड सांगून. भारूडवाल्यांनाही तेवढीच. अण्णांची ट्रंक त्यांच्या नातवानं आणून दिली आहे. लुगडं विरलंय, नवं घ्यावं लागेल. तात्यांचा पखवाज सध्या पुडी चढवायला दिला आहे, ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आधी आणायचा आहे. तो आणायला कोण जाणार ते अजून ठरायचं आहे.